हयात मालकांच्या तसबिरीला हार

आमच्या मालकांना मी अकरा वर्षं मेलेलं ठेवलं होतं. त्या अकराही वर्षांत नानासाहेब पुण्याला मुलीकडं होते, दोन्ही वेळा नीट जेवत होते, पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. गुडघे सोडले तर त्यांना काही एक झालेलं नव्हतं. पण तुळजापूरहून परत जाताना जे लोक आमची कोठी बघून गेले, त्यांना विचाराल तर ते छातीला हात लावून सांगतील की मालक केव्हाच वारले. तसं त्यांना मीच सांगितलं होतं.

दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असं सांगणं आलं तेव्हा मी घरात म्हटलं, मी काय लिहिणार? कोठीत झाडलोटीला लागले आणि कोठी दाखवणारी बाई होऊन रिटायर झाले, एवढंच. नातसून म्हणाली, "तुम्ही मालकांना मारलेलं लिहा की." मग लिहायला बसले. खोटं बोलल्याचं एकदा कबूल करून टाकलेलं बरं.

आधी कोठी सांगते, म्हणजे मालकांचा वाडा. नानासाहेबांचे वडील निजामाच्या राजवटीत वकील होते. कमाई चांगली होती. बाकीचे लोक त्या पैशात जमिनी घेत होते तेव्हा हा माणूस चित्रं घेत सुटला. तैलचित्रं, काचेवर काढलेली चित्रं, बिदरचे हुक्के, चांदीच्या अत्तरदाण्या, छताला हंड्या आणि झुंबरं. नानासाहेबांनी त्यात आपली भर घातली. पुढं मालकीणबाई वारल्या, मुलगी मेधाताई पुण्याला सासरी. एवढ्या चित्रांकडं एकट्यानं किती बघत बसायचं, म्हणून त्यांनी घर लोकांना बघायला उघडं केलं. जेवणघर आहे तसं, पलंग आहे तसा, चित्रं ज्या खिळ्याला होती त्याच खिळ्याला. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि मेधाताई त्यांना पुण्याला घेऊन गेल्या. मागं राहिलो आम्ही दोघं. फाटकावर इब्राहीमचाचा, आत मी.

माझी सासू ह्याच कोठीत धुण्याला यायची. तिची हद्द मागच्या दारापर्यंत. आमच्या वस्तीतलं कुणी त्याच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी पुढच्या दाराची किल्ली कमरेला खोचून फिरायचे. पहिल्या दिवशी ती किल्ली दाखवायला मी सासूकडं गेले, तर तिनं ती हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "जड हाय की गं." 

आता कामाचं. लोकांना वाटतं, चित्रं काय, भिंतीवर लटकतात, त्यांना काय करायचं असतं? तैलचित्राला ओलं फडकं चालत नाही. मऊ ब्रश घ्यायचा आणि वरून खाली, हलक्या हातानं धूळ उतरवायची. दुपारी पश्चिमेचे पडदे ओढायचे, नाहीतर उन्हानं रंग उडतात. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून कपाटांत डांबरगोळ्या आणि कडुलिंबाचा पाला. चौकटीच्या मागं पाल असली तर तिला हुसकायचं नाही. आपण दुसऱ्या चित्राकडं जायचं आणि ती तिच्या मनानं जाईपर्यंत थांबायचं. घाबरलेली पाल कुठं उडी मारेल सांगता येत नाही, एकदा ती माझ्या पोलक्यात गेली होती.

पण पाली परवडल्या. खरी राखण माणसांपासून. आमच्याकडं येणारा माणूस देवीचं दर्शन करून, पोटभर जेवून, जरा पेंगुळलेला असा यायचा. आत गार वाटलं की भिंतीला टेकून बसायचा. डोक्याला तेल. चित्रांच्या खाली एका उंचीवर तेलकट गोल डाग ओळीनं उमटलेले असायचे, ते मी खडूची पूड लावून काढत बसायची. एकानं हुक्का उचलून नळी तोंडात घातली आणि चांगला ओढून बघितला. आतून कोळी निघाला. एकदा नवीन लग्न झालेलं जोडपं आलं, सोबत जीपभर माणसं. मी अत्तरदाण्यांचं सांगतेय आणि मागं वळून बघते तर नवरी मालकांच्या पलंगावर मांडी घालून बसलेली, आणि तिचा मामा मला विचारतोय, "बाई, गरम पाणी किती वाजता मिळतं?" त्यांना वाटलं, लॉज आहे. खोली पसंत होती म्हणे, फक्त पंखा नव्हता.

मी ओरडायची. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं. पण ओरडलं की लोक म्हणायचे, "तुमचं घर हाय का? मालक कुठं हायत?" मी खरं सांगायची, पुण्याला असतात. झालं. मग चौकशी सुरू. इथं का राहत न्हाईत? भावाभावांत वाद हाय का? विकायचं हाय का? पोरगा न्हाई का त्यांना? मालक जिवंत आहे आणि इथं नाही म्हटल्यावर घर बेवारशी असल्यासारखे लोक वागायचे. चित्राच्या रंगावर नखानं खरवडून बघायचे.

समोरच्या दालनात नानासाहेबांचं एक मोठं तैलचित्र आहे, चाळिशीतलं. महिनाभर पाहुणचार झोडून गेलेल्या एका चित्रकारानं ते काढलेलं. काळ्या मिशा, डोक्याला जरीचा रुमाल, खुर्चीच्या पाठीवर हात, आणि आत्ता कुणावर तरी खेकसणार असा चेहरा. एका श्रावणात बायकांचा घोळका आला. पोरं पडद्यांना लोंबकळत होती. माझा घसा बसला होता. एका बाईनं तसबिरीकडं बघून हळूच विचारलं, "वारले व्हय?"

मी दमले होते. नुसता सुस्कारा सोडला.

काय सांगू तुम्हाला. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. एकीनं दारात जाऊन चपला काढून ठेवल्या, तिच्या मागं सगळ्यांनी काढल्या. पोरांच्या पाठीत एकेक धपाटा बसला. त्या दिवशी कोठीत असा शांतपणा होता की झुंबराच्या लोलकांची किणकिण ऐकू आली. एकीनंही काही हाताळलं नाही. मेलेल्या माणसाच्या घरात आपल्याकडं कुणी वस्तूला हात लावत नाही, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी मी इब्राहीमचाचांना सांगितलं. ते म्हणाले, "मालकां की उमर बढती बोलते ऐसा बोले तो." जिवंत माणसाला वारला म्हटलं की त्याचं आयुष्य वाढतं म्हणे, मला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून नानासाहेब वारले.

खोटं एकदा सुरू केलं की त्याला हातपाय फुटतात. लोक विचारणार, कशानं गेले? झोपेत, मी सांगायची. चांगलं मरण दिलं मी त्यांना. शेवटचं काही बोलले का? सुरुवातीला मी म्हणायची, पाणी मागितलं. पण ते काही बरं वाटेना, पाणी काय कुणीही मागतं. मग एक दिवस तोंडातून निघून गेलं, "म्हणाले, घर झाकू नका. सगळ्यांना बघू द्या. फक्त हात लावू नका म्हणावं." हे फार चाललं. बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिसरं वाक्य माझ्या सोयीचं होतं, ते मी जरा जोरात म्हणायची.

आता माणूस गेला म्हटल्यावर हार आलाच. तुळजापूरहून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत देवीच्या प्रसादाचा हार असतोच. लोक तो तसबिरीला घालायला लागले. एकीनं तर देवीची कवड्यांची माळ घातली. एकानं अष्टगंधाचं बोट थेट चित्राच्या कपाळाला टेकवायला नेलं, मी त्याचं मनगट अशा जोरानं धरलं की त्याचं घड्याळ निसटलं. झेंडूच्या हाराला मुंग्या येतात, ओल येते, चौकट खराब होते. म्हणून मी चौकटीच्या वर, भिंतीत, दोन खिळे ठोकून घेतले. हार घालायचा तर तिथं, चित्राला लागता कामा नये. उदबत्तीला खाली कोनाडा ठेवला. संध्याकाळी इब्राहीमचाचा काठीनं हार उतरवायचे आणि शेजारच्या शेळीला घालायचे. शेळी चांगली धष्टपुष्ट झाली होती. सगळं व्यवस्थित लागलं होतं. चित्राला ओरखडा नाही की डाग नाही. मालक तेवढे मेलेले.

मधे एक सांगायचं राहिलं, ते पुढं लागणार आहे. जेवणघरात एक चित्र आहे. उन्हात एक बैल उभा, शेजारी बादली, आणि एक माणूस वाकलेला. कागदोपत्री त्याचं नाव 'बैलास पाणी पाजणारा शेतकरी'. मीही तेच सांगायची. एकदा भूम तालुक्यातल्या ईटचे एक म्हातारे शेतकरी आले. बाकी कोठी त्यांनी पाच मिनिटांत उरकली आणि ह्या बैलापुढं उभे राहिले. हात पाठीमागं बांधून, बाजारात बैल बघतात तसे ह्या बाजूनं, त्या बाजूनं. मला वाटलं, आता दात बघायला मागतात.

"बाई," ते म्हणाले, "ह्यो बैल लंगडतोय."

मी म्हटलं, "बाबा, चित्रातला बैल कसा लंगडेल?"

"पुढचा उजवा पाय बघा. टेकलाय, पर भार न्हाई दिलेला. तिकडचा खांदा वर घेतलाय. खुरात काटा हाय न्हाईतर जखम हाय. आन ह्यो माणूस बादली उचलाया वाकला न्हाई. त्याची नजर बघा की कुठं हाय. पाय बघाया वाकलाय त्यो."

पंधरा वर्षं त्या चित्राची धूळ मी झाडली होती. खरंच, त्या माणसाची नजर खुराकडं होती. बादली नुसती शेजारी ठेवलेली. मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की मी त्यांना चहा करून आणला. ते म्हणाले, "चितारी कुणी का असंना, बैल ठेवलेला माणूस हाय." त्या दिवसापासून ते चित्र माझं झालं. घरातली कामं आवरून निघाले की मला त्या बैलाला बघायची ओढ लागायची. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

असं सगळं सुरळीत चालू असताना मेधाताईंचा फोन आला. "शकूबाई, बाबांना घेऊन शुक्रवारी येतेय. बाबा कागदांवर सही करणार आहेत. चित्रं पुण्याला हलवायची, कोठी बंद करायची. तुम्ही मनाची तयारी ठेवा."

मेधाताई वाईट नाहीत, हे आधीच सांगते. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. वरचं छत गळत होतं, चोरीची भीती होती, नानासाहेबांच्या माघारी हे कोण बघणार? पण मी फोन ठेवला आणि तिथंच उंबऱ्यावर बसले. माझी नोकरी जाणार होती, इब्राहीमचाचांची जाणार होती. आणि बैल जाणार होता. पुण्यात कुठल्या तरी गार खोलीत तो उभा राहणार, आणि तिथं त्याला बघायला ईटचं कोण जाणार?

रडायला वेळ नव्हता. आधी मालकांना जिवंत करायला हवं होतं. बुधवारी कोठीला सुट्टी. बुधवारी खिळे काढायचे, भोकं बुजवायची, कोनाड्यातली काजळी धुवायची, असं चाचांचं आणि माझं ठरलं. मंगळवार देवीचा वार, गर्दी असते, तेवढा एक दिवस जाऊ दे म्हटलं.

नानासाहेबांनी काय करावं? आलोच आहोत तर मंगळवारी देवीचं दर्शन घेऊ म्हणून ते तीन दिवस आधीच निघाले आणि दर्शन लवकर झालं म्हणून लॉजवर न जाता सरळ कोठीवर आले. कळवायचं काय, स्वतःच्या घरी यायला?

मी आत जेवणघरात लोकांना बैल दाखवत होते. तेवढ्यात इब्राहीमचाचा आत आले. फाटक सोडून ते कधी आत येत नसत. तोंड पांढरंफटक. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, तुमारे मरे सो मालकां आको खडे हैं."

मी दालनात आले. तसबिरीवर तीन हार. कोनाड्यात उदबत्त्यांचा जुडगा पेटलेला. समोर माकणी गावच्या एक आजी हात जोडून उभ्या, त्यांच्या घरची माणसं मागं. आणि आजींच्या शेजारी, काठीवर भार देऊन, नानासाहेब. इतक्या वर्षांत मिशा गेल्या होत्या, अंग आटलं होतं, डोक्याला कानटोपी. तसबिरीतला माणूस आणि हा माणूस एकच, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. ते स्वतःच्या तसबिरीकडं वर मान करून बघत होते. मागं मेधाताई, हातात कागदांची फाईल. त्यांच्या चेहऱ्याचं मी वर्णन करत नाही.

 तेवढ्यात आजी नानासाहेबांना म्हणाल्या, "बाबा, चपला काढा की. मयताच्या घरात असं येत न्हाईत."

नानासाहेबांनी निमूट चपला काढल्या. गुडघे वाकत नव्हते तर आजींच्या सुनेनं हात दिला.

"तुमी वळखत हुता का ह्यांना?" आजींनी विचारलं.

"थोडं फार," नानासाहेब म्हणाले.

"कसा हुता माणूस?"

नानासाहेबांनी जरा विचार केला. "तापट होता."

"असंना का. मोठ्या माणसाला राग असतुयाच. पर मन बघा. आमच्यासारख्याला एवढ्या मोठ्या घरात कोण आत घेतंय? माझी आई असल्या घराच्या मागल्या अंगाला उभी ऱ्हायची. आन म्या आज पुढच्या दारानं आले, झुंबर बघितलं, पलंग बघितला. मरताना म्हनले म्हणं, घर झाकू नका, समद्यास्नी बघू द्या."

"मरताना असं म्हणाले?"

"व्हय. फकस्त हात लावू नका म्हनले."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आजींनी सरळ माझ्याकडं बोट केलं.

नानासाहेबांनी वळून माझ्याकडं बघितलं. तसबिरीतला तोच चेहरा, फक्त मिशा नसलेला.   आजी हार नीट करून, तसबिरीला आणि ओळखीचा माणूस म्हणून नानासाहेबांनाही नमस्कार करून बाहेर पडवीत जाऊन बसल्या, बाकीचे लोकही त्यांच्या मागोमाग गेले. दालनात आम्ही चौघं राहिलो.

"शकूबाई, हे काय आहे?" मेधाताई म्हणाल्या. "माझे वडील जिवंत आहेत."

जे सुचलं ते मी बोलले. "ताई, आमच्या वस्तीत हार मेल्याचा म्हणून नसतो घालत. जयंतीला घालतात. मानाचा असतो."

"जयंतीसुद्धा गेलेल्या माणसाचीच असते," नानासाहेब म्हणाले. शब्दकोडं सोडवणारा माणूस, त्याच्यापुढं काय चालणार.

मग मी सगळं खरं सांगितलं. श्रावणातली बाई, सुस्कारा, काढलेल्या चपला, खिळे, शेळी, सगळं. रडत सांगितलं आणि मधेच रागानंही सांगितलं. "तुम्ही तिकडं राहिला, इथं लोक नखं लावत होते चित्रांना. मी एकटी कुठं कुठं पुरणार होते? तुम्ही मेला म्हणून तुमची चित्रं जगली." हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला वाटलं, झालं, आता किल्ली काढून द्यावी.

 नानासाहेब म्हणाले, "कशानं गेलो मी?"

"झोपेत," मी म्हटलं.

"त्रास झाला का?"

"न्हाई. अजिबात न्हाई."

"चांगलं केलंत," ते म्हणाले. "आता मला कोठी दाखवा. लोकांना दाखवता तशी. काही गाळू नका."

मी दाखवली. माझ्या जन्मात इतकी घाबरून मी कधी काही दाखवलं नसेल. त्यांच्या पलंगाशी मी त्यांना लॉज समजलेल्या वऱ्हाडाची गोष्ट सांगितली, तेव्हा ते काठी टेकून इतके हसले की मेधाताईंना त्यांना धरावं लागलं. जेवणघरात आलो. बैलापुढं मी ईटच्या म्हाताऱ्यांचं सांगितलं. पाय, खांदा, माणसाची नजर.

नानासाहेब पुढं झाले. चष्मा काढला, पुसला, घातला. "मेधा, ह्या चित्रासमोर मी चाळीस वर्षं जेवलो," ते म्हणाले. "माझे वडीलही जेवले. आम्ही समजत होतो, बादली उचलतोय."

मेधाताई जवळ आल्या. त्याही बघत राहिल्या. मग त्यांनी फाईल उघडली. आत सगळ्या चित्रांची यादी होती, पुण्याला न्यायची. त्यात लिहिलेलं होतं, बैलास पाणी पाजणारा शेतकरी. सहीसाठी आणलेलं पेन त्यांनी पर्समधून काढलं आणि ती ओळ खोडली. वर काय लिहावं हे त्यांना सुचेना. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काय लिहू?"

"बैलाचा पाय बघणारा," मी म्हटलं. त्यांनी तसं लिहिलं.

मग त्यांनी शेवटचं पान काढून जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि पेन वडिलांपुढं केलं. "बाबा, सही."

नानासाहेबांनी पेन हातात घेतलं.  इब्राहीमचाचा दारात उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मेधा," नानासाहेब म्हणाले, "मेलेल्या माणसाची सही चालते का?"

"बाबा, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. मी मरताना सांगून गेलोय, घर झाकू नका. त्या आजींनी माकणीत जाऊन दहा जणांना सांगितलं असेल. आता मी जिवंत होऊन शब्द फिरवू? लोक काय म्हणतील?"

पेन त्यांनी माझ्या हातात दिलं. अजून आहे माझ्याकडं. चालत नाही, पण आहे.

छत दुरुस्त झालं. मेधाताईंनीच उभं राहून करून घेतलं, खिडक्यांना जाळ्याही बसवल्या. खिळे मात्र नानासाहेबांनी काढू दिले नाहीत. जाताना एकच काम सांगितलं, दर महिन्याला मला पत्र लिहा, लोक चित्रांबद्दल काय बोलतात ते. मी लिहायची. ईटसारखं दुसरं कुणी निघतंय का ह्याची ते वाट बघायचे, आणि निघायचीही माणसं. एका सोनारानं एका तसबिरीतल्या बाईची नथ उलटी घातलीय हे दाखवून दिलं, तेव्हा नानासाहेबांचं उलट टपाली उत्तर आलं होतं, नुसतं 'वा' एवढंच लिहिलेलं. शेवटच्या वर्षी मी दोन-तीन महिने लिहायचं टाळलं. आज लिहू, उद्या लिहू. नथीसारखं काही घडलं नव्हतं हे निमित्त. पण निमित्तच ते, आळस केला मी. ते मनातून जात नाही.

मग एक दिवस सकाळी मेधाताईंचा फोन आला. झोपेत गेले म्हणाल्या. त्रास झाला नाही. 

त्या दिवशी कोठी बंद ठेवावी असं मला वाटलं. पण झाकू नका म्हणून सांगून गेलेला माणूस. मी दार उघडलं, पडदे सारखे केले, ब्रश घेतला. दहाच्या सुमाराला एक कुटुंब आलं. त्यातल्या बाईनं पिशवीतून देवीचा हार काढला, तसबिरीकडं बघितलं आणि माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "वारले का हे?"

अकरा वर्षं मी ज्या प्रश्नाला सुस्कारा टाकत आले, तोच प्रश्न. आणि आता तर ते खरं होतं. मला ते तोंडातून काढता येईना.

"न्हाई हो," मी म्हटलं. "हार नका घालू. हयात हायत ते. पुण्याला असतात. गुडघे दुखतात म्हणून येत न्हाईत."

बाई ओशाळली. हार परत पिशवीत ठेवला. इब्राहीमचाचा फाटकावरून बघत होते. जाताना ती बाई तसबिरीपाशी परत थांबली आणि म्हणाली, "एवढं घर उघडं ठेवलंय. एकदा भेटायला पायजे हुतं."

"येतील की," मी म्हटलं. "मंगळवारी या."